पत्रा गळला नव्हता

माझ्या शेडचा पत्रा गळत नाही. तेव्हाही गळत नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पांढरकवड्यापासून यवतमाळपर्यंत आमच्या सगळ्या सोयऱ्यांना उलटंच माहीत आहे, आणि त्यांना ते सांगणारा माझा सख्खा मोठा भाऊ आहे.

ती शेड मी माझ्या हातांनी उभी केली. टायर-ट्यूबच्या दुकानावर वर आलेला माणूस मी. कोणाच्या भरवशावर छत सोडणं माझ्या स्वभावात नाही. प्रत्येक खिळ्याखाली जुन्या ट्यूबमधून गोल कापलेलं वायसर, खिळ्याच्या डोक्यावर डांबराचा ठिपका. दर उन्हाळ्यात शिडी लावून एकेक खिळा बोटानं दाबून पाहायचो. खालून बायको म्हणायची, "सैपाकघरावरचा पत्राही पाहा एखाद्या खेपी. तिथं पावसाळाभर धारेखाली गंज-पातेलं ठेवा लागते मले." तिचं खरं होतं. पण सैपाकघरात माझी मोटार उभी राहत नव्हती.

मोटार म्हणजे काळी, विलायती बनावटीची, फुगीर मडगार्डांची जुनी गाडी. एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात ती बाभळीखाली उभी होती. मी तिथं भंगार पाहायला गेलो आणि मुद्दाम गाडीकडे पाठ करून उभा राहिलो. बेल्ट, पुल्या, जुना वजनकाटा, सगळ्याचा भाव केला, भांडलो, दोनदा उठून निघालो. शेवटी फाटकाजवळ पोचल्यावर मागे वळून म्हटलं, "आणि ते डबडं कोण उचलणार हाय? त्याच्यापायी माझा ट्रक वळत नाही." मालकानं ते डबडं माझ्या गळ्यात मारलं आणि आपणच जिंकलो म्हणून चहा पाजला. पहिल्यांदा ते इंजिन आमच्या अंगणात सुरू झालं तेव्हा मला त्या चहाची चव आठवली.

घरात तेव्हापासून मोटारीचाच संसार. कार्बोरेटर उघडायचा तर कणकेच्या परातीत. पॉलिशला बायकोची मऊ झालेली लुगडी. तेल मोजायला देवाची पळी मी एकदाच घेतली, पण ते अजून निघतं. प्लग पुसायला वातींचा कापूस संपवला म्हणून ती भांडायची. पुढे कापसाची चणचण राहिली नाही.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. भाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा. खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागायच्या आणि केंद्र बंद झालं की तशाच परतायच्या. लोक कापूस घरात भरून भावाची वाट पाहत होते. बैठकीत कापूस, माडीवर कापूस, पोरांना झोपायला ओसरी. कापसातल्या किड्यांनी गावंच्या गावं अंग खाजवत होती.

अशात एका दुपारी भाऊ दुकानावर आला. तो येत नसे. वाटणीत काळी जमीन त्याच्याकडे राहिली, मुरमाड तुकडा माझ्याकडे आला. तो विकून मी दुकान टाकलं, त्याचं मला काही नाही. पण पुढे एका लग्नाच्या पंगतीत, चार गावच्या सोयऱ्यांसमोर तो म्हणाला होता, "आमचा लहान्या असा वर नाही आला, काटा मारते तो." लोक हसले. मी बुंदीचं ताट तसंच सोडून उठलो होतो. माझ्या दुकानात काटाच नाही. टायर कोणी तोलून विकतं का?

तो खुर्चीवर टेकला आणि म्हणाला, "लहान्या, तुह्या शेडात जागा हाय."

"जागा नाही. मोटार हाय."

"मोटार का गाभण हाय? तिले उभं राहाले किती जागा लागते?"

त्याच्याही घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती, आणि पुढची वेचणी शेतात फुटून उभी होती. वर्षभराचं सगळं त्याच कापसात. शिवाय गिऱ्हाईक आलं तर आधी शहरात येणार, हेही होतं. मी अटी घातल्या. शेडच्या आसपास बिडी नाही. मोटारीच्या नाकापुढे बांबूचे तट्टे उभे करून मला जायला गल्ली ठेवायची. किल्ली माझ्या घरी राहील.

"भावाच्या घरी कापूस ठेवून राह्यलो का कोर्टात?" तो म्हणाला. पण ठेवला. बैलगाड्या आल्या, तट्टे लागले, आणि संध्याकाळपर्यंत माझी काळी मोटार गळ्यापर्यंत पांढऱ्यात बुडाली. टपावर, काचांना, मागच्या डिकीवर कापूस. उजव्या बाजूनं तो घसरून बॉनेटवरही आला. फक्त नाक मोकळं, मागच्या लहान दाराकडे तोंड करून.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. बॅटरी काढून सैपाकघराच्या ओट्याखाली ठेवली. बायकोनं तिच्यावर कांद्याची टोपली ठेवली. टाकीतलं पेट्रोल काढून दुकानात नेलं. शेजाऱ्याचा पाणी तापवायचा बंब भिंतीलगत पेटायचा, त्याच्या ठिणग्या मी अंगणात उभा राहून मोजल्यासारख्या पाहायचो. एकदा त्याच्या बंबावर ओलं पोतं टाकून आलो. तो साबण लावलेला तसाच बाहेर आला आणि आम्ही दोघं कुंपणावरून भांडलो.

"तुमचा कापूस हाय म्हणून आम्ही आंघोळ सोडाची का?"

"माझा नाही, भावाचा हाय."

"मंग तुमाले काहून एवढी आग?"

दुकानात गिऱ्हाईक ट्यूब पाहत असायचं आणि मी आकाशात धूर शोधायचो. आग लागली तर मोटार गेली, घर गेलं, ते वेगळंच. पण भावाचा वर्षभराचा माल माझ्या घरात जळाला असता तर पुढल्या पंगतीत काय बोललं गेलं असतं, ते मला शब्दासकट ऐकू यायचं.

दुसरी काळजी इंजिनाची. उभं ठेवलेलं इंजिन आतून गंज धरतं आणि अडकून बसतं. म्हणून मी प्लग काढून त्या भोकांतून थोडं तेल सोडलं होतं, आणि दर रविवारी सकाळी मागच्या दारानं गल्लीत शिरून, नाकात हँडल घालून हातानं इंजिन फिरवायचो. आतून ते ओलसर, जड फिरल्याचं हाताला कळलं की पुढच्या रविवारपर्यंत निवांत. बाहेर येताना माझं डोकं पांढरं झालेलं असायचं. बायको म्हणायची, "आले म्हातारबुवा."

मधल्या एका आठवड्यात अवकाळी शिंतोडे आले. पाऊस थांबताच मी शिडी लावली, पत्रा पाहिला, खालून आत शिरून कापसावर हात फिरवला. कोरडा ठक्क. भावाला निरोपसुद्धा पाठवला की तुझ्या घरी असता तर भिजला असता.

त्यानंतर भाऊ एकदा येऊन गेला. मी दुकानात होतो. घरी आलो तर बायको म्हणाली, दुसऱ्या दिवशी व्यापारी माल पाहायला येणार आहे म्हणून भासरे कापूस सारखा करून गेले. व्यापारी आला नाही. भाव आणखी पडला होता, आणि तो यवतमाळहून निघालाच नाही.

मग तो रविवार आला. गल्लीत शिरलो, हँडल घातलं, जोर लावायला डावा हात बॉनेटवर टेकवला. इंजिन फिरलं. मी हात काढला, आणि पुन्हा ठेवला.

बॉनेट कोमट होतं.

मला पहिल्यांदा वाटलं, वायरिंग. पण बॅटरी कांद्यांखाली होती. इंजिन महिनोन्‌महिने पेटलं नव्हतं. थंडीची सकाळ, दाराच्या कडीला हात लावला तर गार. आणि बॉनेट, जसं गाडी यवतमाळला जाऊन आल्यावर असतं तसं. उजव्या बाजूला, जिथं कापूस टेकला होता, तिथं जास्तच.

बाही वर करून मी हात कापसात खांद्यापर्यंत घातला. वर कोरडा, आत दमट, आणि त्याच्या आत गरम. उकिरड्यात हात घालावा तसं. मूठभर ओढून काढला तर पिवळट, चिकट, भिजलेल्या सरकीचा आंबट वास. कापूस असा पेटताना लोकांनी पाहिला आहे. आधी वास येतो, मग धूर, आणि धूर दिसला की करायचं काही उरत नाही.

मी ओरडलो नाही. सैपाकघरात जाऊन बायकोला म्हटलं, "भाऊ आला होता तेव्हा काय करून गेला?"

"कापूस सारखा केला."

"आणखी?"

ती आठवू लागली. "टाक्यातून बादल्या नेल्या. मले वाटलं भासरे तुमची गाडी पुसून राह्यले. मी म्हटलं, चला, भाऊ-भाऊ बोलायले लागले."

बादल्या. वजनासाठी पाणी मारलं होतं. कापूस उपसायचा, पाणी शिंपडायचं, वरून कोरडा ओढायचा. दुसऱ्या दिवशी काट्यावर गेला की झालं. या धंद्यात ते सगळ्यांना माहीत आहे. पण माल दुसऱ्या दिवशी गेला पाहिजे. ओला कापूस दाबून ठेवला की सरकी आतल्या आत तापते. आणि हे कोणी केलं, तर ज्यानं मला पंगतीत काटामाऱ्या केलं त्यानं.

दुकानावरून त्याच्या गावी फोन लावला. "पोते घेऊन ये. कापूस तापला." तो "कसा काय" म्हणाला नाही. निघतो म्हणाला.

तो पोचेपर्यंत मी, बायको आणि ज्याच्याशी बंबावरून भांडलो होतो तो शेजारी, तिघांनी अर्धी शेड उपसली होती. शेजाऱ्याला बोलवावं लागलं नाही. वास त्याच्याही घरात गेला होता. तट्टे पाडले, अंगणात, गच्चीवर, रस्त्याच्या कडेला चादरी पसरून कापूस उन्हात टाकला. मधल्या थरातून वाफ निघत होती. कुठं तांबूस दिसलं की मी आधी तेच उपसायचो. भाऊ आला, त्यानं टोपी खिशात घातली आणि सरळ आत शिरला. मी त्याच्या मागे गल्लीत गेलो.

"पानी मारलं?"

"सारेच मारतात."

"सारे माझ्या मोटारीवर मारतात का? काटा कोण मारते रे भाऊ? सांग आता."

"हळू बोल."

"काहून हळू बोलू? पंगतीत तू हळू बोलला होता?"

तो माझ्याकडे न पाहता कापूस कवेत भरत राहिला. त्याच्या भुवयांवर तंतू चिकटले होते. मला आणखी बरंच बोलायचं होतं. वर्षांनुवर्षं पाठ करून ठेवलेलं होतं.

तेवढ्यात अंगणात आवाज आला. पलीकडच्या आळीतला कापसाचा दलाल रस्त्यावरचा पसारा पाहून आत आला होता. शेजारी, दोन-तीन बघे, सगळे उभे. दलालानं मूठभर कापूस उचलला, दाबला, नाकाला लावला.

"भिजला कसा?" त्यानं विचारलं.

भाऊ शेडच्या दारात थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात शब्द तयार होता. चार लोक उभे होते, पंगतीपेक्षा कमी, पण पुरेसे. आणि मला हेही माहीत होतं की हा शब्द निघाला की संध्याकाळपर्यंत बाजारात पोचेल, आणि त्या माणसाच्या कापसाला, ओल्याही आणि कोरड्याही, या वर्षी कोणी हात लावणार नाही. पाऊस लागलेला माल लोक भाव पाडून घेतात. पाणी मारलेला माल घेतच नाहीत, आणि मारणाऱ्याला पुढच्या सालीही विसरत नाहीत.

"पत्रा गळला," मी म्हणालो. "मागल्या हप्त्यातल्या शिंतोड्यात."

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी मोटार विकली.

"तुमचा पत्रा?" शेजारी म्हणाला. "तुम्ही तं वायसर लावले होते ना?"

"वायसर कुजतात," मी म्हणालो. हे वाक्य मला अजून आठवतं. ट्यूबचं रबर असं कुजत नाही.

मग मी दलालाशी भाव केला. तापलेला माल बाजूला, कोरडा वेगळा, हे आधी कबूल करून घेतलं. बोटांनी भाव सांगायला त्यानं रुमालाखाली हात पुढे केला, मी रुमाल उडवून दिला आणि म्हटलं, जे बोलायचं ते तोंडानं बोल. दोनदा त्याला फाटकापर्यंत जाऊ दिलं. तिसऱ्यांदा भाऊ मागून कुजबुजला, "देऊन टाक ना लहान्या," तर त्याच्यावरच खेकसलो. शेवटी भाव पडलाच, पण मला वाटलं होतं तेवढा नाही. वाळवून, निवडून दोन-चार दिवसांत सगळा कापूस उचलला गेला.

शेड रिकामी झाल्यावर मोटार पुरती दिसली. काच धुरकट, पायदानाखाली उंदरांचं घरटं, आणि बॉनेटच्या उजव्या अंगाला, जिथं ओला कापूस टेकला होता, तिथं काळ्या रंगावर तळहातापेक्षा मोठा पांढुरका डाग. बॅटरी लावली, पेट्रोल भरलं, आणि इंजिन दुसऱ्या फेऱ्याला पेटलं. मी बराच वेळ हात बॉनेटवर ठेवून उभा होतो. आता ते तापायला पाहिजे होतं, तापत होतं.

भावानं आभार मानले नाहीत. मी वाट पाहिली नाही असं म्हणणार नाही. महिनाभरानं एका बारशाला गेलो तर तिथं तो लोकांना सांगत होता, "मी लहान्याले म्हटलंच होतं, आधी पत्रा पाहून घे. पण तो कोणाचं ऐकते?" लोक हसले. आणि मला जेवण सोडून उठता आलं नाही, कारण ते मीच म्हटलेलं होतं.

दसऱ्याला तो आता न चुकता येतो, गाडीच्या पूजेला. शेडमध्ये पाय ठेवला की आधी मान वर करून पत्रा न्याहाळतो, आणि सोबत कोणी असलं तर जीभ चुकचुकवतो. डाग मी पॉलिश केलेला नाही. करता येतो, बायकोनं लुगडंही काढून दिलं होतं. पूजेला मोटार मी अशी लावतो की उजवं अंग दाराकडे येईल. कुंकू लावायला वाकला की तो डाग बरोबर त्याच्या नाकासमोर येतो. कुंकू तो नेहमी डाव्या बाजूला जाऊन लावतो.