पंचफुलाबाईंचा फिरता मॅट

मेलेल्या बाईच्या नावाचं पार्सल आज माझ्या दारात आलं.

डिलिव्हरीवाला म्हणाला, "पंचफुलाबाई कोण? ओटीपी सांगा."
ओटीपी माझ्याच मोबाईलवर आला होता. सांगितला.

म्हणून हे लिहिते आहे. एरवी मी अशा पोस्ट लिहिणारी नव्हे.

आत कापड कापायचा फिरता मॅट आहे. चौदा इंची.

पंचफुलाबाई भातकुलीच्या. निवृत्तीनंतर मी तिथे गोधडीचा वर्ग घेते, अमरावतीहून आठवड्यातून दोनदा जाऊन. त्या पहिल्या दिवसापासून होत्या. मागच्या आठवड्यात चार दिवसांच्या तापाने गेल्या.

त्यांचे यजमान शेतकरी. ते ज्या वर्षांत गेले, त्या वर्षांत आमच्याकडे 'कसे गेले' असं कोणी विचारत नसे.

मागे सात सदरे राहिले. आणि दीड वर्षाची वंदना.

वंदना आता बार्शीटाकळीला सासरी असते. तिला दिवस गेलेत. त्या सात सदऱ्यांची गोधडी तिला द्यायची होती.

"पोरीले बापाचा हात आठवत नाई, मॅडम. पांघरूण तरी बापाचं असू द्या."

सदरे विरलेले. एक काप दिला की कापड उचलून वळवावं लागतं, आणि विरलेलं कापड उचललं की सरकतं. मॅटच फिरला तर कापडाला हात लावावा लागत नाही. हे त्यांनी माझ्या मोबाईलवर एका व्हिडिओत पाहिलं.

"थो फिरता घ्या ना. सदरा चुकला तं दुसरा कुठून आणू?"

मी म्हटलं, घेऊ. पण नीट बघून घेऊ.

चार महिने बघितलं.
बारा इंची की चौदा? गोल की चौकोनी? फिरताना डगमगतो का? वहीत रकाने पाडले.

"मले भाकरीएवढा असला तरी चालते."

"भाकरीएवढ्यावर काटकोन साधत नाही, पंचफुलाबाई."

"मॅडम, तुमी मॅट पाहून राहिल्या का नवरदेव?"

अख्खा वर्ग हसला. मी हसले नाही.

मग एक दिवस त्यांनी चौकोनी तुकड्यांचा गठ्ठा आणला. मी पट्टी लावली. सुताचाही फरक नव्हता.
पण तुकड्यांना पीठ लागलेलं.

"चुलीपाशी बसून कापता काय? कापडाची काही शिस्त आहे की नाही?"

"झटकलं का जाते, मॅडम."

त्यांनी गठ्ठा पदराखाली घेतला. कापड कोणाचं, हे त्यांनी सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.

शेवटी चौदा इंची ठरला. बाईला बरं वाटेल म्हणून त्यांच्याच नावाने मागवला.

आज पार्सल घेऊन भातकुलीला गेले. वंदना आलेली होती. तिने मला मागच्या खोलीत नेलं.

तिथे जातं होतं.

खुंटा काढून ठेवलेला. वरच्या दगडावर गोणपाटाची घडी, आणि तिच्यावर माझ्या जुन्या मॅटचा कोपरा. तो मीच टाकून द्यायला सांगितला होता.

जातं हाताने फिरवत त्या नवऱ्याचे सदरे कापत होत्या.

रिकामं जातं फिरवलं तर घरात मरण येतं, असं आमच्याकडे मानतात. म्हणून दर वेळी आत मूठभर ज्वारी टाकत.

ते पीठ.

"शेजारची काकू म्हणे, दुपारभर जात्याचा आवाज येते, अन् भाकर तं एकाच बाईची," वंदना म्हणाली. मग थांबून, "काकूले थो आवाज अजून येते म्हणते."

सहा सदरे कापून झाले होते. सातवा तसाच होता, घडी घातलेला.

"मॅडम, हा तुमी कापा."

नवा मॅट मांडला. तो जराही आवाज न करता फिरतो, चार महिन्यांत मी तेही बघून घेतलं होतं.

तरी प्रत्येक वळणाला मागे घरघर ऐकू येत होती.
मी दोनदा वळून पाहिलं.
दुसऱ्या वेळी वंदनानेही पाहिलं.

पंचफुलाबाई, ते चार महिने माझे नव्हते, तुमचे होते. माझा शेवटचा नमस्कार घ्या.

वंदनाच्या हाती आज दिलं ते असं:
फिरता मॅट, एक.
तुमचे तुकडे शहाण्णव, पीठ न झटकता.
माझे सोळा. त्यातला एक वाकडा आहे.