रीडिंग जुळलं पाहिजे

आमचे सर फळ्याशी बोलत. उजव्या हाताने लिहीत आणि डाव्या हातातल्या डस्टरने लगेच पुसत. मधल्या क्षणात जे दिसेल ते आपलं. वर्गाकडे तोंड करायची वेळ आलीच, तर खिडकीबाहेरच्या काजूच्या झाडाकडे बघून म्हणत, "लिहा." म्हणून ते लिहासर. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीतल्या एका छोट्या खाजगी तंत्रनिकेतनात आम्ही त्यांच्याकडून इंजिनं शिकलो. शिकलो म्हणायचं आपलं.

"शंका तासाच्या शेवटी," असं ते सुरुवातीलाच बजावत आणि घंटेआधी दोन मिनिटं वर्गाबाहेर पडत. पहिल्या वर्गात पदवी मिळवून ते थेट शिकवायलाच लागले होते. पान्याला त्यांनी कधी हात लावलेला नव्हता, आणि कुणीतरी हे ओळखेल या भीतीने त्यांचा सगळा जन्म व्यापला होता. "पुस्तकातलं इंजिन बंद पडत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. तेव्हा आम्ही हसायचो. आता ते आठवलं की किळस येते.

माणूस वाईट नव्हता, याचाच जास्त राग येतो. मला हिवताप झाला तेव्हा हेच सर चार दिवस वसतिगृहावर पेजेचा डबा घेऊन आले. उशाशी बसून त्यांनी माझ्या आईला पत्रही लिहून दिलं. त्या खोलीत ते माझ्याकडे बघून बोलत होते. वर्गात मात्र पुन्हा काजूचं झाड.

प्रयोगशाळेत एका सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं, कायम ताडपत्रीखाली. दर वर्षी वरच्या वर्गाची जर्नलं खाली येत आणि आम्ही त्यांतली रीडिंगं उतरवून काढत असू. त्यांनी ती त्यांच्या वरच्यांची उतरवलेली असत. मूळ रीडिंग कुणी घेतलं होतं, देव जाणे. सर दशांशचिन्हापर्यंत जुळवून बघत, मान डोलावत आणि सही ठोकत. त्या सहीशिवाय परीक्षेला बसता येत नसे.

दत्ताराम जयगडचा. त्याच्या बापाची मच्छीमारी होडी होती आणि तिचं इंजिन दत्तारामच सांभाळायचा. डिप्लोमा करून बंदरावर दुरुस्तीचा कारखाना टाकायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. एकदा सर यायच्या आत त्याने ताडपत्री ओढली, तेल बघितलं, हँडल मारलं आणि इंजिन धडधडायला लागलं. नळीतलं डिझेल किती वेळात उतरतं ते बघायला त्याने मला घड्याळ धरायला लावलं. मी सेकंद मोजले. दोन वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आपण काहीतरी शिकतोय.

एवढ्यात सर दारात. "बंद कर ते! आधी बंद कर!"

"सर, ह्याचा नोजल गलतोय वो," दत्ताराम उत्साहाने म्हणाला. "आमच्या होडीवर असाच काला धूर येतो. म्हणून डिझेल जास्त जातंय. बघा ना, खोलून दाखवतो."

सर बघायला पुढे आले नाहीत. दोन दिवसांनी त्याच्या जर्नलवर लाल शाईने आडवी रेघ आली. "असं रीडिंग येत नाही."

"सर, जां आलं तां लिवलंय."

सरांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी वर्गाला विचारलं, "ज्यांचं रीडिंग माझ्याशी जुळतं, त्यांनी हात वर करा." सगळे हात वर गेले. माझाही. दत्तारामने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसून त्याने सगळं जर्नल नव्याने उतरवून काढलं, आमच्यासारखंच.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक खमके होते. त्यांनी ताडपत्री काढायला लावली. "हे सुरू करून दाखवा कुणीतरी." सरांनी दत्तारामकडे बघितलं. इतक्या लाचार नजरेने बघितलं, की मला तिकडे बघवेना. दत्ताराम पुढे गेला, हँडलला हात लावला आणि थांबला. मग त्याने हात मागे घेतला.

"माझं चुकंल," तो म्हणाला. "मला नाय येत, सर."

तो नापास झाला आणि पुन्हा परीक्षेला आला नाही. कारखाना राहिलाच. त्याची होडी बंद पडली तर तो रत्नागिरीहून मेकॅनिक बोलावतो, असं पुढे कुणीतरी सांगितलं.

मी मात्र पास झालो आणि पुढे शिकवायलाही लागलो. बऱ्याच वर्षांनी सरांना गुहागरला त्यांच्या घरी भेटलो. थकले होते. पडवीत बसून ते आपणहून म्हणाले, "त्या जयगडच्या मुलाला येत होतं रे. मला येत नव्हतं."

इतक्या उशिरा आणि इतक्या सहज! मला चीड आली. म्हटलं, "हे तेव्हा वर्गात म्हणायला हवं होतं, सर."

"म्हणणार होतो," सर म्हणाले. या वेळी ते थेट माझ्याकडे बघत होते. "घड्याळ धरून तू सेकंद मोजत होतास, ते मी दारातून पाहिलं होतं. वाटलं, हा काही हात वर करणार नाही. मग कबूल करावंच लागेल." त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "तू केलास. मला फार बरं वाटलं रे तेव्हा."

मी चहा तसाच ठेवून उठलो.