एक नंबरचा फॉर्म

प्रमिलाबाईंना नावं ठेवील असं माणूस अमळनेरजवळच्या त्यांच्या गावात शोधून सापडलं नसतं. सासरे चिंधाआबा, त्यांना सकाळी चहा, बाराच्या ठोक्याला ताट, हातावर गोळी. तेवीस वर्षांत एक वेळ चुकली नाही. बोलणं मात्र डोक्यावर पदर घेऊन, दाराआडून. सून सासऱ्यासमोर बसत नाही, ही तिकडची रीत. गावातल्या सासवा आपल्या सुनांना सुनवायच्या, "शीक जरा तिच्याकडून!"

अमळनेरच्या कॉलेजनं गावोगावच्या म्हाताऱ्यांची पाहणी काढली आणि फॉर्म भरायचं काम प्रमिलाबाईंना मिळालं. ज्या म्हाताऱ्यांना सोबत नाही, त्यांच्याकडे रोज दुपारी कोणीतरी बसायला जाणार होतं. त्यासाठी आधी तीनशे जणांना प्रश्न विचारायचे. सरावाचा पहिला फॉर्म त्यांनी घरातच भरला.

आबांचा थाट काय वर्णावा! धुतलेली टोपी चढवली, चष्मा पुसला, खाटेवर ताठ बसले. फॉर्मच्या जोरावर प्रमिलाबाईही पहिल्यांदाच समोर स्टुलावर टेकल्या.

"एकटं वाटतं का?" त्यांनी वाचलं.

"भरेल घर शे. एकटं कसाले वाटी?" आबा आपल्या अहिराणीत म्हणाले. घर भरलेलं आहे, एकटं कशाला वाटेल!

"जेवताना सोबत कोण असतं?"

"ताट शे ना!"

"निवांत गप्पा शेवटच्या कधी झाल्या?"

"आते चालू शेतस ना!"

प्रमिलाबाईंना हसू आवरेना. म्हातारा मोठा मिश्कील, म्हणत त्यांनी खुणा केल्या आणि फॉर्म पिशवीत टाकला.

महिन्याभरानं सदफनं कॉलेजात बोलावलं. सदफ ही धुळ्याची पोर, संख्याशास्त्र शिकवायची, पाहणीचा हिशोब तिच्याकडे. तिच्या लॅपटॉपवर नावं नव्हती, नुसते फॉर्मचे नंबर.

"काकू, एकेका उत्तरावर जायचं नाही," ती म्हणाली. "एकाच माणसाची सगळी उत्तरं मिळून बघायची. ज्यांची उत्तरं एकमेकांसारखी पडतात, त्यांचे गट संगणक पाडतो. मला वाटलं होतं दोन गट निघतील, एकटे आणि माणसांतले. पण तिसराही निघाला, चौतीस जणांचा. घर भरलेलं, 'एकटं वाटत नाही' असंच सांगतात. बाकीची उत्तरं मात्र हुबेहूब एकट्यांची."

"अगं बाई!" प्रमिलाबाई कळवळल्या. "भरल्या घरात ही गत? कसल्या म्हणायच्या यांच्या सुना!"

सदफनं यादी पुढे केली. सगळ्यात वर एक नंबरचा फॉर्म होता.

प्रमिलाबाईंचं तोंड उतरलं, मग लालबुंद झालं. "येडं झालंय तुझं मशीन! तो सरावाचा फॉर्म. काढून टाक."

"काढते की. चुकीचा भरला होता का?" बिचारीनं साधेपणानं विचारलं.

उत्तरं आबांचीच होती, अक्षर प्रमिलाबाईंचं स्वतःचं. एका शब्दानं हो म्हटलं असतं तर फॉर्म गेला असता, अब्रू राहिली असती.

"नाही," त्या म्हणाल्या. "राहू दे."

एसटीत खिडकीशी बसून त्या पदरानं डोळे पुसत राहिल्या. लाज वाटत होतीच, पण जास्त वाईट वाटत होतं ते त्या धुतलेल्या टोपीचं. आपण हसलो तेव्हा आबा खरंच सांगत होते, हे आता कुठे कळत होतं.

दुसऱ्या दिवशी बाराला त्यांनी ताट ठेवलं आणि दाराआड गेल्या नाहीत. स्टूल ओढून समोर बसल्या. आबांनी हातातला घास खाली ठेवला, चाचपून टोपी नीट केली.

"आज बी फारम शे का?"

"नही, आबा."

आबा गोंधळले. "मंग कसाले बठनी?"

प्रमिलाबाई उठल्या, चुलीपाशी जाऊन स्वतःचं ताट वाढून आणलं आणि आबांच्या समोर जेवायला बसल्या.