वोफा यावचा भोंगा

वोफा म्हणजे मामा. याव अपेंतेंगला सख्खी भाची एकच, पण अख्खं अबोआसो गाव त्याला वोफाच म्हणे. बाजारातल्या खांबावर त्याचे चार भोंगे, खाली पत्र्याची खोली, खोलीत अ‍ॅम्प्लिफायर. पहाटे पाचला तो सुरू होई: कोण वारलं, कुणाची शेळी हरवली, ताजी मासळी कुठे आली. बायको गेल्यापासून घरी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून तो गावाशी बोले, आणि जरा जास्तच बोले.

त्या वर्षी गावातले पाण्याचे पंप चोरीला जाऊ लागले. इन्स्पेक्टर अग्बेकोने वोफाला हाताशी धरलं. ज्याला जे माहीत असेल ते त्याने चौकीत येऊन सांगावं, नाव गुप्त राहील, असं वोफा पंधरा दिवस घसा कोरडा करून सांगत राहिला. मग इन्स्पेक्टरने त्याला बोलावून तक्रारींची वही त्याच्यापुढे उघडली.

"पंपचोराबद्दल किती जण आले? एकही नाही. तुमच्या भोंग्याबद्दल अकरा."

"अकरा?"

"झोपमोड होते म्हणतात. तुमची पोलिसांना मदत होते, या एका कारणावर मी तुम्हाला पाठीशी घालतोय. महिनाअखेरपर्यंत एक तरी माणूस माहिती घेऊन आला नाही, तर भोंगे उतरवावे लागतील, वोफा."

वोफा त्या दिवशी जेवला नाही. भोंगे गेले की आपण कोण, हे त्याला सुचेना. चोर कोण हे खरं तर निम्म्या गावाला ठाऊक होतं. पण चोराची आई चर्चमध्ये पहिल्या रांगेत गायची. वाईटपणा कोण घेणार?

तीन दिवसांनी अ‍ॅम्प्लिफायरच चोरीला गेला.

पहिल्या दिवशी गाव मस्त झोपलं. दुसऱ्या दिवशी मासळी सडली, कारण आलेली कुणाला कळलीच नाही. तिसऱ्या दिवशी आफ्राकोमा म्हातारीचा भाऊ वारला; तिला सगळे मामे, म्हणजे आई, म्हणत. आठव्या दिवशीच्या शोकसभेला म्हातारीने दोनशे खुर्च्या मांडल्या. माणसं आली एकवीस, त्यातली चार मंडपवाल्याची.

ती तशीच शोकाच्या काळ्या वस्त्रांत चौकीवर गेली.

"लिहून घ्या. बॅटऱ्या चार्ज करतो तो क्वासी. पंपही त्यानेच नेलेत. दोन महिने बघतेय मी."

"मग आधी का नाही सांगितलंत, मामे?"

"आधी माझा भाऊ जिवंत होता."

तिच्या मागोमाग मासळीवाली आली, मग शेळी हरवलेला. संध्याकाळी क्वासीच्या पलंगाखाली सात पंप आणि अ‍ॅम्प्लिफायर सापडला. महिना संपायला दोन दिवस होते.

"कुणी माहिती दिली ते बोलायचं नाही," अ‍ॅम्प्लिफायर परत देताना इन्स्पेक्टरने बजावलं.

"दिलेला शब्द मी मोडीन का?" वोफा दुखावला.

पहाटे पाचला भोंगे बोलू लागले. "पोलिसांनी नाव घेऊ नको म्हटलंय, म्हणून मी घेत नाही. आंब्याखालच्या निळ्या दाराच्या घरात राहणाऱ्या, नुकताच भाऊ गेलेल्या आणि भोंग्याची तक्रार सगळ्यांत आधी करणाऱ्या बाईंचे मी मनापासून आभार मानतो."

इन्स्पेक्टर तोंडात ब्रश घेऊनच धावत आला. पण त्याच्या आधी मामे आफ्राकोमा पत्र्याच्या खोलीच्या दारात उभी होती.

"मामे, चुकलं माझं," वोफा पुटपुटला.

"चुकलंच. नाव कुठंय? असं लोकांना कसं कळणार? आणि शनिवारी शोकसभा परत ठेवलीय, तेही सांग. दोनदा सांग." जाता जाता ती थांबली. "आणि आवाज जरा वाढव रे."