दोन बोटांची पट्टी

मठातून आलेलं तागाचं सूत एवस्तोलियाने दोन्ही हातांनी ताणून पाहिलं. सूत चांगलं होतं. सोबतची लाकडी पट्टी मात्र तिने उलटसुलट करून पाहिली. जाळ्याचं प्रत्येक भोक या पट्टीवर बेतून विणायचं. आजवर पट्टी चार बोटं रुंद असायची. ही दोनच बोटांची होती.

"बाबा, पट्टी चुकून आली वाटतं."

"चुकून नाही, मावशी," मठाचे नवे कारभारी पाफनूतीबाबा म्हणाले. "मठाच्या बेटावर यात्रेकरू वाढलेत. जास्त मासा लागणार."

"अहो, यात पिल्लंसुद्धा अडकतील! ती समुद्रात गेलीच नाहीत, तर मोठी होऊन नदीत परत कोण येणार? तुमचे यात्रेकरू?"

बाबा हसले आणि होडीत जाऊन बसले.

उत्तर रशियातल्या पांढऱ्या समुद्राच्या त्या किनाऱ्यावर धान्य पिकत नसे. नदीच्या मुखावरचा सॅमन मासा मठाचा, वरच्या अंगाचा गावाचा. एवस्तोलियाच्या देखरेखीखाली गावातल्या बायकांनी मठाची जाळी विणायची आणि मठाने पीठ पाठवायचं. एवस्तोलियाचा नवरा सीलच्या शिकारीत बर्फाच्या लादीबरोबर वाहून गेला, तेव्हापासून तिचं घर या पिठावरच चाललं होतं.

तरी ती गप्प बसली नाही. सुनेला, लुकेरियाला, वल्ह्यावर बसवून दीड दिवसात ती बेटावर पोचली. दोन दिवस ताटकळल्यावर मठाधिपती भेटले. त्यांनी तब्येत विचारली, नवऱ्यासाठी प्रार्थना म्हटली, प्रसादाचा पाव हातावर ठेवला. तिने पट्टी पुढे केली, तसे ते उठले. "हे सगळं कारभारी बघतात, बाई."

"पाव तरी मिळाला," परतताना लुकेरिया म्हणाली.

"तूच खा तो!"

एवस्तोलियाने गावाचं सगळं सूत परत केलं. शेजारच्या गावाने ते आनंदाने घेतलं, आणि पिठाची होडीही तिकडेच वळली. "तुझ्या हट्टापायी आमच्या तोंडचा घास गेला," विहिरीवर बायका तिला ऐकवायच्या. त्या हिवाळ्यात उरल्यासुरल्या पिठात पाइनची साल कुटून घालावी लागली. लुकेरिया माहेरी निघून गेली.

चौथ्या वर्षी शरद ऋतूत नदीत मासा जवळजवळ आलाच नाही. पाफनूतीबाबांची तोवर बदली झाली होती. त्यांच्या जागी आलेला कारभारी रागावूनच गावात उतरला. वरच्या अंगाला गाव वाट्यापेक्षा जास्त मासे मारतं, असं त्याचं म्हणणं. त्याने तिथे पहारा बसवला आणि गावाची मासेमारी बंद केली.

एवस्तोलियाने त्याला पट्टीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. सांगता सांगता तिचा आवाज चढला.

"रागावू नका, मावशी. देवाचं नाव घ्या," तो म्हणाला.

जमलेल्या बायका तिच्याकडे पाठ करून घरी निघाल्या. मग ती टोपली उचलून दलदलीकडे रानफळं वेचायला गेली. बर्फ पडायला आठवडाच उरला होता, आणि घरात साठवण काहीच नव्हती.