हिरव्या ब्लाऊजाचा नंबर

आशाबाईला नाही म्हणता येत नाही, हे सगळ्या पुंडलिकनगरला ठाऊक होतं, आणि सगळं पुंडलिकनगर त्याचा पुरेपूर फायदा घ्यायचं. ती माझी थोरली जाऊ. मी तिला अक्का म्हणते. पुढच्या खोलीत तिची शिलाई मशीन, आणि बाजूला सतरंजीवर मी. हुक लावायचे, काज करायची, साडीला फॉल लावायचा आणि उशीर झाला की बायकांची बोलणी खायची, ही माझी कामं.

तिचा कामाचा नियम एकच. दारात जी उभी, तिचं आधी. जिचा आवाज मोठा, तिचं त्याच्याही आधी. गुपचूप कापड ठेवून जाणारी बाई आमच्याकडं नेहमी रडकुंडीला यायची. लग्नसराईत तर तिला कुणी काहीही सांगावं. "हो, हो, होऊन जाईल," असं ती म्हणायची आणि माझ्या कपाळात तिडीक उठायची.

त्या वैशाखात मात्र घरचंच कार्य होतं. अक्काची एकुलती एक लेक द्वारका, फुलंब्रीला दिलेली. तिला सातवा लागला होता. रविवारी आमच्या घरी डोहाळजेवण, आणि तिथून पुढं पहिल्या बाळंतपणाला ती इथंच राहणार. अक्कानं आतली खोली मोकळी करून ठेवली होती, पलंग उन्हात घालून ढेकूण मारले होते. नातवंड आपल्या हातात पहिलं यावं, एवढीच तिची हौस होती. ओटीची हिरवी साडी आणली, आणि त्यावरचं हिरवं ब्लाऊज अर्थातच आई शिवणार.

सोमवारी सकाळी कापडांचा ढीग बघून माझं डोकं फिरलं. मी भिंतीला या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत दोरी बांधली. डावीकडं सोमवार, उजवीकडं शनिवार. ज्याची नड आधी, ते कापड डावीकडं चिमट्याला. द्वारकाचं हिरवं कापड मी सगळ्यात आधी लावलं. अक्का हसली. म्हणाली, "बरं झालं बाई, आता गोंधळ नाय व्हायचा."

गोंधळ दुपारपर्यंतच थांबला. हेडमास्तरीणबाईंनी पाणी मागितलं म्हणून मी आत गेले, बाहेर येते तो त्यांचं शुक्रवारचं ब्लाऊज मंगळवारी येऊन बसलेलं, आणि बाई पंख्याकडं बघतायत. वहिदाभाभी निदान सांगून सरकवायची. "बुरा मत मानना दीदी, परसों भांजी का निकाह है." शिकलेल्या, सवरलेल्या, चांगल्या घरच्या बायका, पण दोरीशी आल्या की सगळ्यांचे हात सारखेच चालायचे.

आणि यांना जागा करून देणारी कोण? आमची अक्का. कुणी नवं आलं की ती उठून हिरवं कापड काढायची आणि मागं लावायची. मी ओरडले, तर म्हणे, "घरचंच हाय गं ते. कुठं पळून चाललंय?"

बुधवारी द्वारका स्वतः आली. सातव्या महिन्यात, त्या रखरखीत उन्हात, फुलंब्रीच्या एसटीत उभ्यानं. चेहरा लालबुंद झालेला. तिला मी पाणी दिलं. ती मशीनशेजारी जाऊन बसली.

"आई, माप घेतीस का? मला आता जुनं काईच येत नाय."

"तुझं माप मला पाठ हाय. लग्नातलं ब्लाऊज हाय की पेटीत, त्याच्यावरून कापते. दोन बोटं जास्त धरीन. तू जेव आधी."

तेवढ्यात बद्रीनाथ वकिलांची बायको आली, आणि अक्कानं गळ्यातली टेप काढून तिच्या दंडाला लावली. द्वारका बघत राहिली. एकटीच जेवली, थोडी पडली आणि ऊन उतरल्यावर गाडीला गेली. मला इतका संताप आला होता की हुकाची सुई बोटात गेली.

हिरवं कापड शनिवारी संध्याकाळी कात्रीखाली आलं. त्याही वेळी वकिलीणबाई दारात उभ्या राहून मागचा गळा कसा हवा ते हातवारे करून सांगत होत्या. अक्का "हो, हो" करत राहिली आणि कात्री चालत राहिली. दोन बोटं राहून गेली. शिवणीत जादा कापडही सुटलं नाही.

रविवारी आतल्या खोलीत द्वारकाला साडी नेसवायला घेतली. ब्लाऊज दंडातच अडकलं. पुढून तर हुकांची गाठ पडायची काही आशाच नव्हती. बाहेर बायका जमलेल्या, फुलांची वाडी ताटात तयार. अक्का घामाघूम झाली. "उसवते, आत्ता उसवते," म्हणत शिवण उलटीपालटी करून बघायला लागली. उसवायला काही नव्हतंच.

द्वारकाच्या सासूबाई, साळूबाई, कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून एक हिरवं ब्लाऊज काढलं.

"ऱ्हाऊ द्या विहीणबाई. म्या गावातून शिवून आणलंय, हिला उभी करून माप घेतलं व्हतं. म्हनलं, तुमच्यामागं लई काम असतंय."

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी तिथंच उत्तर दिलं असतं.

ब्लाऊज अगदी अंगासरसं बसलं. ओटी भरली, गाणी झाली, जेवणं झाली. पाहुणे निघायला लागले तशी अक्का लगबगीनं आत गेली आणि पलंगावर धुतलेली चादर घालून आली. तर द्वारका दारात, चप्पल घालून, सासूच्या शेजारी.

"तू कुठं निघालीस?"

"फुलंब्रीला. बाळंतपण तिकडंच करू, आई. तुला लई काम हाय."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. एरवी तिच्या वतीनं भांडणारी मीच. त्या दिवशी मी भिंतीवरच्या दोरीकडं बघितलं. साळूबाई "अगं, असं काय करतीस, पहिलं माहेरीच अस्तंय," म्हणाल्या, पण द्वारका रिक्षात बसली सुद्धा. अक्का फाटक धरून म्हणाली, "मी सगळ्यांची कापडं परत करते. उद्यापासून मशीन बंद."

"हो, हो," द्वारका म्हणाली. अगदी आईसारखंच.