शेजारच्या खुर्चीतला सेल्सो

बाजारातून आणलेला मासा घरी परत तोलून बघायची बेलार्मिनोला सवय होती. वजन बरोबर भरलं तरी त्याचं समाधान होत नसे. मग तो घरच्या काट्याकडे संशयाने बघे. आयुष्यभर तो गोदीत जहाजांचे सांधे तपासत आला होता. दुसऱ्याने केलेल्या वेल्डिंगवर हातोडी वाजवायची, कान लावायचा आणि "पुन्हा कर" म्हणायचं, हे त्याचं काम. गोदी बंद पडली, तो निवृत्त झाला, पण मनातली हातोडी काही खाली ठेवली गेली नाही. त्याची बायको ओल्विदो पाहुण्यांना सांगायची, "लग्नात पाद्रीबुवांनी विचारलं, 'ही बायको म्हणून मान्य आहे का?' तर हा त्यांच्याचकडे निरखून बघत होता, खरे पाद्री आहेत का म्हणून."

जगात एकाच माणसाला बेलार्मिनोने कधी ठोकून बघितलं नव्हतं. तो म्हणजे सेल्सो, फुटबॉलच्या स्टेडियममधल्या पूर्वेच्या वरच्या गॅलरीत त्याच्या डाव्या हाताच्या खुर्चीवर बसणारा.

तीसेक वर्षं दर पंधरा दिवसांनी, पावसाळी रविवार असो की कोरडा, हे दोघे खांद्याला खांदा लावून बसत आले होते. हंगामाचं कार्ड दरवर्षी नवं करायचं आणि खुर्ची तीच ठेवायची, हा तिथला रिवाज. मध्यंतरात सेल्सो पावात घातलेलं बटाट्याचं ऑम्लेट काढी आणि अर्धं बेलार्मिनोच्या मांडीवर ठेवी. बेलार्मिनो थर्मासमधली कॉफी ओती. तीत कॉफी कमी आणि ब्रँडी जास्त असे. एवढ्या वर्षांत दोघांनी एकमेकांचं घर पाहिलं नव्हतं, आडनाव विचारलं नव्हतं, फोन नंबर घेतला नव्हता. गॅलरीत कोणीच घेत नसे. पंधरा दिवसांनी माणूस तिथेच भेटणार असतो, तर नंबर कशाला?

सप्टेंबरात हंगाम सुरू झाला तेव्हा क्लबचे मालक बदललेले होते. कुठल्यातरी परदेशी कंपनीने क्लब घेतला म्हणे. कुंपणावर नवा रंग आला, सूर्यफुलाच्या बियांची पुडी दीडपट महाग झाली, आणि जहाजातून उतरलेले प्रवासी एका सामन्याच्या तिकिटाला इतके पैसे मोजू लागले, की तेवढ्यात म्हाताऱ्या सभासदाचे चार सामने निघावेत. मग फलकावर सूचना लागली: पासष्ट वर्षांवरच्या प्रत्येक सभासदाने नाताळाआधी ओळखपत्र घेऊन स्वतः कार्यालयात यावं. जो येणार नाही त्याची सवलतीची खुर्ची जाईल.

"आम्ही जिवंत आहोत का, ते बघायचंय त्यांना," मागच्या रांगेतला जाडा न्हावी म्हणाला.

"बघू देत की. खालच्या गॅलरीत एक सभासद कार्डावर एकशे चार वर्षांचा आहे. दर सामन्याला येतो, आणि दाढीसुद्धा फुटलेली नाही त्याला," दुसरा कोणी म्हणाला, आणि रांगभर हशा पिकला.

यात खोटं काही नव्हतं. आजोबा वारले तरी त्यांचं कार्ड वारत नसे. जुना क्रमांक, जुनी खुर्ची आणि म्हाताऱ्यांचा स्वस्त दर सोडवतो कोणाला? घरचे गप्प बसत आणि नातू आजोबांच्या नावावर सामने बघे. अशा लोकांचा बेलार्मिनोला मनापासून तिटकारा होता. मेलेल्या माणसाला पुरावं तरी नीट, असं त्याचं म्हणणं.

आणि ऑक्टोबरातल्या एका रविवारी सेल्सोच्या खुर्चीवर एक मुलगी येऊन बसली.

असेल पंचवीस-सव्वीसची. ओला रेनकोट, कानात बारीक बाळ्या. बसता बसता तिने बेलार्मिनोकडे बघून मान हलवली.

"ही जागा सेल्सोची आहे," बेलार्मिनो म्हणाला.

"माहीत आहे. मी त्यांची नात. इरिया."

"सेल्सो कुठे आहे?"

"घरी."

"बरा आहे ना?"

"बरे आहेत," ती म्हणाली, पण क्षणभर थांबून म्हणाली. बेलार्मिनोच्या मनात पाल चुकचुकली. हातोडी मारल्यावर सांधा असाच बोलतो. आवाज येतो, पण जरा उशिरा.

मध्यंतरात तिने पिशवीतून पाव काढला, मधोमध तोडला आणि अर्धा त्याच्यापुढे धरला. "आजोबांनी पाठवलाय. तुमच्यासाठी."

बेलार्मिनोने त्या पावाकडे बघितलं. घेतला, तर आपण या भानगडीत सामील झालो, असं त्याला वाटलं. "भूक नाही," तो म्हणाला आणि थर्मासही पिशवीतच राहू दिला.

पुढच्या सामन्याला पुन्हा तीच. या वेळी बेलार्मिनोने तयारी केली होती.

"तुमचं घर कुठे आहे, पोरी?"

"का हो?"

"सहजच."

"सहज कोणी घर विचारतं का?" तिने मान वळवून त्याच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही क्लबच्या माणसांपैकी आहात का?"

"मी? तीस वर्षं मी या खुर्चीवर आहे."

"आजोबा म्हणतात, त्या खुर्चीवरचा माणूस बडबड्या आहे. पंचाला शिव्या घालतो, बाजूच्याला कोपर मारतो. तुम्ही तर मूग गिळून बसता."

"आजोबा म्हणतात, की म्हणायचे?"

इरियाने बियांची पुडी आपल्या मांडीच्या दुसऱ्या बाजूला सरकवली आणि उरलेला सामना दोघांनी मैदान सोडून एकमेकांवर डोळा ठेवून बघितला.

"मेला तो," बेलार्मिनो घरी आल्यावर ओल्विदोला म्हणाला. "सेल्सो मेला आणि ही पोरगी त्याच्या कार्डावर येते."

"कशावरून?"

"विचारलं की ताकास तूर लागू देत नाही."

"तुझ्यासारखा कोणी मला बसस्टॉपवर घर कुठे म्हणून विचारील, तर मीही नाही सांगणार," ओल्विदो घेवड्याच्या शेंगा मोडता मोडता म्हणाली. "आणि एवढी काळजी आहे तर कार्यालयात जाऊन विचार ना."

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. कार्यालयात विचारायचं म्हणजे खुर्चीचा क्रमांक सांगायचा. क्रमांक सांगितला की ते कार्ड उघडून बघणार, सेल्सो नसला तर खुर्ची काढून घेणार, आणि पुढच्या सामन्याला डाव्या हाताला कोणीतरी उन्हाने भाजलेला प्रवासी येऊन बसणार. न विचारावं, तर सेल्सो आहे की नाही तेच कळणार नाही. बेलार्मिनोने त्या आठवड्यात स्थानिक वर्तमानपत्रातल्या निधनाच्या चौकटी वाचायला सुरुवात केली. सेल्सो नावाचे दोन जण सापडले. एक नव्वदीचा होता, दुसऱ्याचा फोटो होता आणि तो हा नव्हता. पण ज्याच्या मरणाची बातमीच दडवायची, त्याची चौकट कोण छापील? तेव्हा पेपरात नाव नाही, हा त्याला उलट पुरावाच वाटला.

त्याची स्वतःची पाळी नाताळाच्या जरा आधी आली. कार्यालयाच्या काचेपलीकडे चष्मा लावलेला एक तरुण कारकून होता. बेलार्मिनोने ओळखपत्र दिलं. कारकुनाने ते बघितलं, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा ओळखपत्राकडे बघितलं. हे जरा जास्तच होतंय, असं बेलार्मिनोला वाटलं. आजवर हे काम तो दुसऱ्यांच्या बाबतीत करत आला होता.

"काका, एक विचारू? तुमच्या डाव्या बाजूला सेल्सो नावाचे सभासद बसतात. ओळखता?"

आता एक शब्द खरा बोलायचा, की संपलं. ती मुलगी, तिची बियांची पुडी, पावाचा तो अर्धा तुकडा, सगळं बेलार्मिनोच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि ज्या माणसाने जन्मभर कोणाचा कच्चा सांधा पास केला नव्हता, तो म्हणाला, "ओळखतो म्हणजे काय? गेल्या रविवारीच तर होता. पंचावर एवढा ओरडला, की घसा बसला त्याचा."

कारकुनाने चष्मा काढून पुसला.

"गेल्या रविवारी?"

"येतोच तो. एक सामना चुकवत नाही."

"काका, ते तासाभरापूर्वी इथेच उभे होते. कुबडी घेऊन. ऑक्टोबरात गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून स्टेडियमात पाऊल टाकलेलं नाही, त्यांची नात येते, असं त्यांनी स्वतःच सांगितलं."

सेल्सो जिवंत होता. कुबडी घेऊन का होईना, जिवंत होता. बेलार्मिनोला हसू यायला लागलं, तेवढ्यात कारकून पुढे म्हणाला, "आणि त्यांनी तुमच्याबद्दलही विचारलं. त्यांचं म्हणणं, शेजारच्या खुर्चीवर बसतो तो बेलार्मिनो नव्हेच. बेलार्मिनो बहुतेक वारला, आणि कोणीतरी त्याच्या कार्डावर येतंय."

"मी वारलो?"

"म्हणून तर मी तुमचं ओळखपत्र दोनदा बघितलं."

"कुठे आहे तो?"

"समोरच्या सायडरच्या दुकानात. नात न्यायला येईपर्यंत बसतो म्हणाले." कारकुनाने आवाज खाली आणला. "तुम्ही आत्ता जे बोललात, ते मी ऐकलं नाही, काका. पण त्यांना सांगा, नातीने त्यांच्या कार्डावर यायचं नाही आणि सवलतीची खुर्ची रिकामीही राहायची नाही, असा नवा नियम आहे. पुढच्या सामन्याला ते स्वतः खुर्चीवर दिसले तर ठीक. नाहीतर खुर्ची विक्रीला निघेल. माझ्या हातात काही नाही."

दुकानात जमिनीवरच्या भुशावर सांडलेल्या सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, आंबूस वास होता. सेल्सो कोपऱ्यातल्या बाकावर पाय लांब करून बसला होता. बारीक झाला होता. बेलार्मिनो समोर जाऊन उभा राहिला तेव्हा त्याने आधी वर बघितलं आणि मग हातातला ग्लास खाली ठेवला.

"तू आहेस?"

"मी कसा असेन? मी तर वारलो ना?"

"अरे..."

"अरे काय, लेका? मी तिथे काचेपुढे उभा राहून खोटं बोललो, तुला जिवंत ठेवायला. आणि तू तासाभर आधी येऊन मला मारून गेलास."

"मी फक्त विचारलं, बाबा. बेलार्मिनो कसा आहे, एवढंच."

"त्याला तक्रार म्हणतात."

"मग मी काय समजायचं? पोरगी घरी येऊन सांगते, शेजारी एक आंबट तोंडाचा म्हातारा बसतो. बोलत नाही, ओरडत नाही, कॉफी विचारत नाही. वर घराचा पत्ता काढू बघतो. आणि ऑम्लेट दिलं तर नको म्हणतो." सेल्सोने बोट उगारलं. "तीस वर्षांत तू माझ्या ऑम्लेटला नको म्हणालास? मी हिला म्हटलं, हा बेलार्मिनो नाही. बेलार्मिनो गेला बिचारा. मी दोन दिवस जेवलो नाही, माहीत आहे?"

"तुला संशय कधीपासून यायला लागले?"

"जन्मात एकदाच घेतला. तोही तुझ्या शेजारी बसून बसून लागलेली खोड."

बेलार्मिनोने खुर्ची ओढली आणि बसला. दुकानदाराने तिथल्या रिवाजाप्रमाणे बाटली डोक्यावर उंच धरून ग्लासात सायडरची धार सोडली. बेलार्मिनोने नेहमीप्रमाणे धारेवर लक्ष ठेवलं आणि नेहमीप्रमाणे त्याला ती कमी वाटली. त्याने कारकुनाचा निरोप सांगितला. सेल्सोने गुडघा चोळला.

"त्यांना आपल्या खुर्च्याच हव्यात," बेलार्मिनो म्हणाला. "म्हणून तर हे नाटक. तू ऑपरेशनचं सांगायलाच नको होतंस."

"विचारल्यावर सांगायचं नाही?"

"नाही."

"डॉक्टर म्हणतात, मार्चपर्यंत जिने चढू नका."

"डॉक्टर कोणाचा माणूस आहे ते आधी बघ," बेलार्मिनो म्हणाला. सेल्सो हसला, पण ग्लास उचलला नाही. वरच्या गॅलरीत लिफ्ट जात नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. खालच्या, सोप्या खुर्च्यांचा दर दुप्पट होता. तिथे दोघांपैकी कोणाचीच पेन्शन पोचत नव्हती. बाहेर इरियाची गाडी येऊन थांबली. ती आत आली, बेलार्मिनोला आजोबांच्या शेजारी बघून दारातच थबकली, आणि तिने आधी आजोबांकडेच डोळ्यांनी विचारणा केली.

"तोच आहे," सेल्सो म्हणाला. "खरा."

"खात्री आहे?" ती म्हणाली.

पुढच्या सामन्याच्या दिवशी दोघे तासभर आधीच फाटकाशी पोचले. इरियाला तिकिटाशिवाय आत सोडत नव्हते, म्हणून ती बाहेरच राहिली. सेल्सो कठड्याला धरून एकेक पायरी चढू लागला. कुबडी बेलार्मिनोच्या काखेत होती आणि तो एक पायरी खाली राहून मागून आधार देत होता. प्रत्येक वळणावर सेल्सो बसे. लोक बाजूने चढून जात, "चला आजोबा" म्हणत.

"या पायऱ्या वाढवल्यात यांनी," बेलार्मिनो म्हणाला.

"पायऱ्या कशा वाढवतील?"

"रंग दिलाय ना नवीन? तेव्हा कोण बघत होतं?"

शेवटच्या वळणावर सेल्सोचा चेहरा पांढरा पडला होता. वर गॅलरीत उघडणाऱ्या दाराचा आयताकृती उजेड दिसत होता, त्यात झिमझिम पाऊस. शिट्टी वाजली, सामना सुरू झाला. सेल्सो पुन्हा खाली टेकला. "तू जा वर. सुरुवात चुकेल तुझी."

"मी गेलो आणि तू खाली परतलास तर?"

"कुठे जाणार मी, असा?"

बेलार्मिनो हलला नाही. तोही पायरीवर बसला, थर्मास काढला आणि झाकणात कॉफी ओतून सेल्सोच्या हातात दिली. तो पिऊ लागला तेवढ्यात डोक्यावरचं सगळं काँक्रीट थरथरलं. हजारो लोक एकदम उभे राहिल्याचा, एकमेकांवर पडल्याचा, ओरडल्याचा आवाज जिन्यातून खाली आला.

"आपलाच," सेल्सो म्हणाला. त्याने कठडा पकडला आणि आपण होऊन उभा राहिला. "गोल आपलाच आहे, बेलार्मिनो."

"थांब जरा," बेलार्मिनो म्हणाला. "आधी पंच व्हिडिओ पडद्यावर तपासतील. रद्द करतील बघ."

वरचा गलका हळूहळू ओसरला. मग अगदी शांत झालं, म्हणजे पंच पडद्याकडे गेला असणार. दोघे म्हातारे एकमेकांचा हात धरून जिन्यात उभे राहिले, माना वर करून, कान देऊन.